पत्ता कुणाला ठाऊक असावा?

इचलकरंजीतल्या एखाद्या सूत-व्यापाऱ्याची वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर गेली असेल, तर १ ऑगस्ट २०२३ पासून त्यानं दुसऱ्या व्यापाऱ्याच्या नावानं केलेलं बिल नुसतं छापून चालत नाही. बिलाचा तपशील आधी जीएसटीच्या इनव्हॉइस नोंदणी पोर्टलकडे जातो. तिथून ६४ अक्षरांचा एक क्रमांक आणि सही केलेला क्यूआर कोड परत येतो, आणि तेव्हाच ते बिल कायद्याच्या लेखी बिल ठरतं. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला यातलं काही दिसत नाही. तो ‘सेव्ह’ दाबतो, क्षणभर थांबतो आणि कागद छापून निघतो.

हेच बिलिंग सॉफ्टवेअर पुण्यात किंवा नाशकात जिथं लिहिलं जातं, तिथंही दिवसभर बिलं ‘सेव्ह’ होत असतात. पण ती चाचणीची असतात आणि सॅण्डबॉक्सकडे जातात, म्हणजे सरावासाठी उघडून दिलेल्या वेगळ्या सर्व्हरकडे. प्रोग्राम ओळ न् ओळ तोच असतो. वेगळा असतो तो फक्त पत्ता, आणि त्या पत्त्यासोबतचे युजरनेम-पासवर्ड. चाचणीचं बिल खऱ्या पोर्टलवर गेलं तर न झालेल्या व्यवहाराची नोंद सरकारदरबारी उभी राहते. खरं बिल सॅण्डबॉक्सवर गेलं तर व्यापाऱ्याच्या हाती रीतसर दिसणारा, पण बिनकामाचा क्यूआर कोड पडतो, आणि त्याचा पत्ता माल रस्त्यावर तपासला जाईपर्यंत लागत नाही.

वेब सर्व्हिस म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामनं वापरावी म्हणून एखाद्या संगणकानं नेटवर्कवर उघडून ठेवलेली सोय. ती सोय जिथं मिळते त्या नेमक्या जागेला एंडपॉइंट म्हणतात. एंडपॉइंट कॉन्फिगर करणं म्हणजे आपल्या प्रोग्रामला ती जागा, तिथं बोलायची रीत आणि तिथं थांबायची मर्यादा सांगणं. नव्यानं प्रोग्रामिंग शिकणाऱ्याला हे काम किरकोळ वाटतं. एक ओळ लिहायची, झालं. पण प्रत्यक्ष नोकरीत रात्री बारा वाजता फोन येतो तो बहुतेकदा त्या एका ओळीपायी येतो. याचं कारण मला असं दिसतं की पत्ता प्रोग्रामचा नसतोच. तो प्रोग्राम जिथं चालतो त्या जागेचा असतो. प्रोग्रामला काम कसं करायचं ते ठाऊक असावं, ते कुठं करायचं हे त्याला जागेनं सांगावं. ही वाटणी जिथं चुकते तिथं बाकीच्या भानगडी सुरू होतात.

आधी पत्ताच नीट पाहू. पूर्ण एंडपॉइंट एका ओळीत मावतो. सुरुवातीला प्रोटोकॉल, म्हणजे एचटीटीपी की एचटीटीपीएस. मग होस्टचं नाव. मग पोर्ट, तो लिहिला नाही तर एचटीटीपीला ८० आणि एचटीटीपीएसला ४४३ गृहीत धरतात. मग पाथ, म्हणजे तिरक्या रेघांनी तोडलेला भाग. या प्रत्येक तुकड्याचा वाचक निराळा आहे. आपल्या पिनकोडचं असंच आहे. संस्कृतात लिहिणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्याच्या कामात असताना त्यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिच्यातला पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. मुंबईत बाहेरगावची पत्रं लावणाऱ्याला शेवटच्या तीन आकड्यांशी कर्तव्य नसतं. एंडपॉइंटमध्येही होस्टचं नाव डीएनएस (नावावरून यंत्राचा आयपी पत्ता शोधून देणारी व्यवस्था) वाचतं, पोर्ट समोरच्या यंत्राची ऑपरेटिंग सिस्टिम वाचते, पाथ तिथला वेब सर्व्हर वाचतो. एकाला दुसऱ्याच्या तुकड्याची फिकीर नसते.

हे एकदा ध्यानात आलं की एररचा मजकूर बोलका होतो. ‘होस्ट सापडला नाही’ असं आलं तर नावातच घोळ आहे. पुढचं काही तपासायची गरज नाही. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर नाव बरोबर आहे, यंत्रही जागं आहे, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. काहीच उत्तर न येता बराच वेळ गेला आणि टाइमआउट झालं, तर वाटेतला एखादा फायरवॉल पाकिटं गुपचूप टाकून देत असण्याची शक्यता मोठी. सर्टिफिकेटवरचं नाव जुळत नसल्याची तक्रार आली तर आपण पोहोचलोय, पण ज्या नावानं हाक मारली ते नाव समोरच्याच्या सर्टिफिकेटवर नाही. ४०४ म्हणजे पाथ चुकला. ४०१ म्हणजे ओळख पटली नाही, ४०३ म्हणजे परवानगी नाही. ४१५ म्हणजे जागा बरोबर, पण तुम्ही भलत्याच रीतीनं बोलताय. ‘एपीआय चालत नाहीये’ एवढाच निरोप पाठवणाऱ्या सहकाऱ्याला मी नेहमी विचारतो की गाडी यातल्या कुठल्या तुकड्यापर्यंत पोहोचली होती. त्याचं उत्तर मिळालं की निम्मं काम झालेलं असतं.

पत्ता कुणाचा, या प्रश्नाची सगळ्यात बोधक गोष्ट मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूसीएफमध्ये पाहायला मिळते. सर्व्हिसेस लिहायच्या या चौकटीचं पूर्ण नाव विंडोज कम्युनिकेशन फाउंडेशन. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये डॉट नेट ३.० बरोबर ती आली, आणि बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांच्या कितीतरी जुन्या प्रणाली आजही तिच्यावर चालतात. डॉट नेटच्या नव्या पिढीत मायक्रोसॉफ्टनं तिची सर्व्हरची बाजू घेतली नाही. ती पुढं कोअर-डब्ल्यूसीएफ या नावानं वेगळी बांधावी लागली आणि तिची पहिली पक्की आवृत्ती २०२२ मध्ये निघाली. डब्ल्यूसीएफनं एंडपॉइंटची व्याख्या तीन शब्दांत केली: ॲड्रेस, बाइंडिंग, काँट्रॅक्ट. कुठं, कसं आणि काय. माझ्या मते एंडपॉइंटची इतकी नेटकी मांडणी नंतरच्या कुठल्याच तंत्रानं केलेली नाही. नुसत्या पत्त्याला एंडपॉइंट म्हणायची आजची सवय त्यामानानं अपुरी आहे.

या तंत्रात काम केलेल्या कुणालाही एक एरर तोंडपाठ असते: ‘कुड नॉट फाइंड डिफॉल्ट एंडपॉइंट एलिमेंट’, म्हणजे अमुक काँट्रॅक्टसाठी एंडपॉइंटची नोंदच सापडली नाही. हे होतं कसं ते पाहण्यासारखं आहे. समजा एका सोल्युशनमध्ये दोन प्रोजेक्ट आहेत. एक लायब्ररी, जिच्यात सर्व्हिसला कॉल करायचा कोड आहे. दुसरा मुख्य प्रोग्राम, जो ती लायब्ररी वापरतो. लिहिणारा लायब्ररीच्या प्रोजेक्टवर राइट-क्लिक करून ‘ॲड सर्व्हिस रेफरन्स’ करतो. व्हिज्युअल स्टुडिओ इमानेइतबारे लायब्ररीच्याच ॲप-कॉन्फिग फाइलमध्ये पत्ता, बाइंडिंग, काँट्रॅक्ट लिहून ठेवतो. कोड कंपाइल होतो. प्रोग्राम चालू केला की एंडपॉइंट सापडत नाही. माणूस फाइल उघडतो, तर नोंद डोळ्यांसमोर आहे. स्पेलिंग बरोबर, पत्ता बरोबर. तासन्‌तास यात जातात.

कारण असं की डॉट नेट फ्रेमवर्क चालताना लायब्ररीची कॉन्फिग फाइल वाचतच नाही. तो वाचतो मुख्य प्रोग्रामची, किंवा वेब ॲप्लिकेशन असेल तर त्याची वेब-कॉन्फिग. लायब्ररीतली नोंद उचलून मुख्य प्रोग्रामच्या फाइलमध्ये नेली की सगळं सुरळीत. बरेच जण याला मायक्रोसॉफ्टचा आडमुठेपणा समजतात. मला तो शहाणपणा वाटतो. एक लायब्ररी दहा प्रोग्राम वापरतील, आणि त्या दहांना दहा ठिकाणी जायचं असेल. लायब्ररीनं पत्ता धरून ठेवला तर दहाही जणांना ती एकाच दारात नेईल. चुकलं ते अवजार, ज्यानं नोंद जिथं वाचली जाणार नाही तिथं नेऊन लिहिली.

याच घरातली दुसरी एरर उलट्या टोकाची आहे: एका काँट्रॅक्टसाठी एकापेक्षा जास्त एंडपॉइंट सापडले, कुठला हवा त्याचं नाव सांगा. मायक्रोसॉफ्टच्या त्याआधीच्या पद्धतीची, म्हणजे एएसएमएक्सची सर्व्हिस जोडली की हमखास ही येते. ती सर्व्हिस स्वतःची ओळख करून देताना सोप या एक्सएमएल संदेशपद्धतीच्या १.१ आणि १.२ अशा दोन्ही रीतींनी बोलायची तयारी दाखवते, आणि अवजार दोन्हींच्या नोंदी करून मोकळं होतं. दोन्हींचा पत्ता हुबेहूब एकच असतो, बदलते ती रीत. इथं बाइंडिंगचं महत्त्व कळतं. बेसिक एचटीटीपी बाइंडिंग सोप १.१ बोलतं आणि आपला मजकूर ‘टेक्स्ट-एक्सएमएल’ आहे असं पाकिटावर लिहितं. डब्ल्यूएस एचटीटीपी बाइंडिंग सोप १.२ बोलतं आणि वेगळाच शिक्का मारतं. एका बाजूनं एक आणि दुसऱ्या बाजूनं दुसरं ठेवलं की ४१५ ठरलेला. पत्ता कितीही वेळा तपासा, त्यात चूक निघणार नाही.

बाइंडिंगमध्येच दडलेली एक मर्यादा अनेकांना फार उशिरा कळते. येणाऱ्या संदेशाचा आकार डब्ल्यूसीएफ मुळात ६५,५३६ बाइटपर्यंतच घेतो. चाचणीच्या डेटाबेसमध्ये वीस ग्राहक असतात, त्यांची यादी झटकन येते. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या वापरात, वीस हजार ग्राहक असतात आणि पहिल्याच दिवशी यादीचं पान फाटतं. कोड बदललेला नसतो, पत्ता बरोबर असतो. कॉन्फिगमधला न लिहिलेला आकडा आडवा आलेला असतो. न लिहिलेल्या गोष्टींनाही किंमत असते, ती डिफॉल्ट या नावानं कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेली असते.

डब्ल्यूसीएफ जुनी झाली, आता सगळे रेस्ट एपीआय लिहितात, मग हे कशाला, असं कुणी म्हणेल. तर आजच्या रोजच्या वापरातली एक तिरकी रेघ बघा. कॉन्फिगमध्ये मूळ पत्ता लिहिलाय, त्याचा शेवट ‘/व्ही२’ असा आहे. कोडमध्ये त्याला ‘ऑर्डर्स’ हा पाथ जोडायचाय. लिहिणाऱ्याच्या मनात ‘/व्ही२/ऑर्डर्स’ असतं. प्रत्यक्षात विनंती जाते ‘/ऑर्डर्स’कडे आणि ४०४ येतो. ‘व्ही२’ गेलं कुठं?

यूआरएल जोडायचे नियम २००५ च्या आरएफसी ३९८६ मध्ये लिहिलेले आहेत, आणि ते वेबपानांवरच्या लिंकांचा विचार करून झालेले आहेत. मूळ पत्त्याच्या शेवटी रेघ नसेल तर शेवटचा तुकडा ही फाइल मानली जाते, आणि नवा तुकडा तिच्या जागी बसतो. म्हणजे ‘/व्ही२’ जाऊन ‘/ऑर्डर्स’ येतं. मूळ पत्ता ‘/व्ही२/’ असा रेघेनं संपवला तर तो फोल्डर मानला जातो आणि ‘/व्ही२/ऑर्डर्स’ नीट तयार होतं. उलट जोडायचा तुकडाच रेघेनं सुरू केला, ‘/ऑर्डर्स’ असा, तर मूळ पत्त्यातला सगळा पाथ पुसला जातो, शेवटी रेघ असो वा नसो. डॉट नेटचा एचटीटीपी क्लायंट हे नियम तंतोतंत पाळतो. काही लायब्रऱ्या मात्र दोन तुकडे नुसते चिकटवतात आणि मधली जादा रेघ काढून टाकतात. त्यामुळे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत कोड नेताना तीच कॉन्फिगची ओळ वेगळ्या दारात जाऊन उभी राहते. माझा साधा दंडक आहे: मूळ पत्ता नेहमी रेघेनं संपवायचा, जोडायचा तुकडा कधीही रेघेनं सुरू करायचा नाही. आणि प्रोग्राम सुरू होताना पूर्ण जोडलेला पत्ता एकदा लॉगमध्ये छापायचा. फक्त त्यात की किंवा पासवर्ड असता कामा नये.

‘लोकलहोस्ट’ या नावानंही भलेभले फसतात, कारण त्याचा अर्थ जागेप्रमाणे बदलतो. लोकलहोस्ट म्हणजे ‘मी स्वतः’. लॅपटॉपवर चालणाऱ्या प्रोग्रामसाठी मी म्हणजे लॅपटॉप. तोच प्रोग्राम डॉकरच्या कंटेनरमध्ये टाकला की मी म्हणजे तो कंटेनर, आणि शेजारच्या कंटेनरमधला डेटाबेस त्याला लोकलहोस्टवर दिसत नाही. अँड्रॉइडच्या एम्युलेटरमध्ये मी म्हणजे तो नकली फोन. लॅपटॉपवर चाललेल्या सर्व्हरला गाठायचं तर १०.०.२.२ हा खास पत्ता लागतो. नोड-जेएसच्या १७ व्या आवृत्तीत, २०२१ च्या ऑक्टोबरपासून, आणखी एक गंमत झाली. लोकलहोस्टचा अर्थ आधी आयपीव्ही६ मध्ये लागू लागला. सर्व्हर फक्त आयपीव्ही४ च्या १२७.०.०.१ वर ऐकत असेल तर काल चालणारा कोड आज ‘रिफ्यूज्ड’ म्हणू लागला. खऱ्या फोनवर तर पत्त्याच्या सुरुवातीची अक्षरंही महत्त्वाची आहेत. २०१५ च्या आयओएस ९ पासून आणि २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून साधं एचटीटीपी मुळातच अडवलं जातं. मुद्दाम सूट लिहून दिली तरच ते चालतं.

मग पत्ता लिहायचा कुठं? कोडमध्ये लिहिला तर पत्ता बदलला की पुन्हा कंपाइल करा, पुन्हा तपासा, पुन्हा डिप्लॉय करा. वेगळ्या फाइलमध्ये लिहिला तर ती फाइल गिटमध्ये जाते आणि तिच्यासोबत कुणाचा तरी पासवर्डही. २०११ च्या सुमारास हेरोकू कंपनीच्या ॲडम विगिन्स यांनी ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ ही बारा नियमांची मांडणी केली. तिच्यातला तिसरा नियम कॉन्फिगबद्दल आहे: जे जे डेव्ह, चाचणी, प्रॉड असं जागेनुसार बदलतं ते ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा. त्याची कसोटीही त्यांनी दिली. तुमचा सगळा कोड याक्षणी जगासमोर उघडा केला तर एखादं गुपित फुटेल का? फुटणार असेल तर कॉन्फिग अजून कोडमध्येच अडकलेलं आहे.

मला हा नियम पटतो, पण त्यावर एक शर्त घालावीशी वाटते. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे नुसती अक्षरांची माळ असते. तिला आकडा कळत नाही, पत्ता कळत नाही. नावात एक अक्षर चुकलं तरी कुणी तक्रार करत नाही, व्हेरिएबल नुसतं रिकामं येतं. आणि अशा वेळी कोडमध्ये कुणीतरी मायेनं लिहून ठेवलेलं असतं की पत्ता मिळाला नाही तर हा वापर. तो ‘हा’ जर प्रॉडक्शनचा असेल, तर चाचणीच्या यंत्रावरचं टायपिंग चुकल्यानं चाचणीची बिलं खऱ्या पोर्टलवर जातात. सुरुवातीला सांगितलेला सगळ्यात वाईट प्रकार हाच. म्हणून पत्त्याला डिफॉल्ट नसावा. पत्ता मिळाला नाही, किंवा मिळाला पण तो पत्त्यासारखा दिसत नाही, तर प्रोग्रामनं चालू होण्याच्या क्षणीच स्पष्ट कारण सांगून थांबावं. दुपारी तीन वाजता, गल्ल्यावर रांग असताना पहिल्या बिलाला थांबण्यापेक्षा ते केव्हाही बरं. पत्ता आणि त्याची गुपितं एकाच नावाच्या गठ्ठ्यात असावीत, म्हणजे सॅण्डबॉक्सचा पत्ता आणि प्रॉडचा पासवर्ड अशी खिचडी होणार नाही.

आता थांबायच्या मर्यादेकडे येतो, कारण एंडपॉइंटच्या कॉन्फिगमधला सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच आहे. समोरची सर्व्हिस बंद पडली तर बरं असतं. लगेच एरर येते, आपण वापरणाऱ्याला काहीतरी सांगू शकतो. घातक असते ती मंदावलेली सर्व्हिस. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी, सांगितलं नाही तर अनंतकाळ वाट पाहते. गो भाषेतल्या एचटीटीपी क्लायंटचीही मुळात मर्यादा नसते. जावाच्या जुन्या यूआरएल कनेक्शनमध्ये शून्य लिहिलेलं असतं, आणि तिथं शून्याचा अर्थ अमर्याद. डॉट नेटचा क्लायंट १०० सेकंद थांबतो, डब्ल्यूसीएफ एक मिनिट.

अमर्याद थांबण्याचा हिशोब करून पाहू. टॉमकॅट सर्व्हर मुळात जास्तीत जास्त २०० थ्रेड वापरतो. एका वेळी एक थ्रेड एक विनंती हाताळतो. तुमच्याकडे सेकंदाला १० विनंत्या येतात आणि प्रत्येकीला जीएसटी पोर्टलला विचारावं लागतं. पोर्टल उत्तर द्यायचं थांबलं. पहिल्या सेकंदाला १० थ्रेड अडकले, दुसऱ्याला आणखी १०. विसाव्या सेकंदाला २०० च्या २०० अडकले. आता ज्या विनंतीला पोर्टलशी काही देणंघेणं नाही, नुसतं जुनं बिल बघायचंय, तिलाही थ्रेड मिळत नाही. पोर्टल मंदावलं एवढंच खरं होतं, पण वीस सेकंदांत व्यापाऱ्याच्या लेखी तुमचं सॉफ्टवेअर बंद पडलं. हेच टाइमआउट ५ सेकंदांचं असतं तर कुठल्याही क्षणी ५० च्या आसपास थ्रेड अडकले असते आणि उरलेल्या दीडशेंनी बाकीचा धंदा चालवला असता.

पुन्हा प्रयत्न करायचा आकडाही असाच विचार करून लिहावा लागतो. मोबाइल ॲप तीनदा प्रयत्न करतं, त्यामागचा सर्व्हर तीनदा, त्याच्यामागची सर्व्हिस तीनदा. वापरणाऱ्यानं एकदा बटण दाबलं आणि शेवटच्या डेटाबेसवर २७ वेळा आदळलं, तेही तो आधीच दमलेला असताना. म्हणून प्रयत्न एकाच थरानं करावेत, प्रत्येक प्रयत्नागणिक अंतर वाढवत न्यावं आणि त्या अंतरात थोडी यादृच्छिकता मिसळावी. नाहीतर हजार ग्राहक एकाच ठोक्याला परत येतात. बिल नोंदवण्यासारख्या कामात आणखी जपावं लागतं. टाइमआउट झालं याचा अर्थ काम झालं नाही असा होत नाही. काम झालेलं असेल आणि फक्त उत्तर वाटेत हरवलेलं असेल. अशा ठिकाणी प्रत्येक कामाला आपला खुणेचा क्रमांक द्यायचा, म्हणजे तेच काम दुसऱ्यांदा आलं तर समोरचा ओळखेल.

पत्त्यांचा हा सगळा उपद्व्याप यंत्रांवरच सोडून द्यावा, असं स्वप्न २००० साली पाहिलं गेलं होतं. सप्टेंबर २००० मध्ये आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि अरिबा या कंपन्यांनी यूडीडीआय नावाची योजना मांडली. जगातल्या सगळ्या वेब सर्व्हिसेसची एक सार्वजनिक नोंदवही असेल. प्रोग्राम स्वतःच तिथं जाऊन हवी ती सर्व्हिस शोधेल आणि तिच्याशी बोलू लागेल. कॉन्फिग लिहायलाच नको. जानेवारी २००६ मध्ये ती सार्वजनिक नोंदवही बंद झाली. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. पत्ता सापडणं ही अडचण कधीच नव्हती. या पत्त्यावर माझ्या ग्राहकाचं बिल पाठवू का, हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर करार, ओळख आणि जबाबदारी यांतून येतं. ते नोंदवहीत सापडत नाही.

त्यापेक्षा कमी मागणारी योजना टिकली. सुरुवातीच्या काळात, इंटरनेटच्या आधीच्या अरपानेटवरच्या सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते ‘होस्ट्स’ नावाच्या एकाच फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या एसआरआय संस्थेत एलिझाबेथ फाइन्लर यांच्या हाताखाली ती सांभाळली जाई आणि बाकीचे ती उतरवून घेत. जाळं वाढलं तशी ती आवरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस आखलं. आता नावाचा आयपी कुठला हे नावाच्या मालकानं सांगायचं, आणि ते उत्तर किती सेकंद खरं मानायचं तेही त्यानंच सांगायचं. कॉन्फिगमध्ये आयपी न लिहिता नाव लिहायचं ते याचसाठी. पण वाटेतल्या कुणीतरी ही मुदत पाळली नाही की सोय उलटते. जावात सिक्युरिटी मॅनेजर चालू असेल तर एकदा सापडलेला आयपी प्रोग्राम बंद होईपर्यंत तसाच धरून ठेवला जाई. डॉट नेटमध्ये एकच क्लायंट जन्मभर वापरला तर जुनी कनेक्शनं उघडीच राहतात आणि बदललेला आयपी त्याच्या गावीही नसतो. त्यासाठी कनेक्शनचं आयुष्य किती, हे कॉन्फिगमध्ये वेगळं सांगावं लागतं.

आजच्या मोठ्या यंत्रणांत पत्त्याचा मालक माणूस राहिलेलाच नाही. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसमध्ये तुम्ही फक्त सर्व्हिसचं नाव लिहिता. तिच्यामागे याक्षणी कुठले आयपी जिवंत आहेत याची यादी यंत्रणा सांभाळते आणि जो पॉड, म्हणजे सर्व्हिसची चालती प्रत, तब्येतीची तपासणी पास होत नाही त्याला यादीतून काढते. ही सोय अफाट आहे. पण पत्ते असे यंत्रणेवर सोपवण्याची किंमत २० ऑक्टोबर २०२५ रोजी दिसली, आपल्याकडे नरक चतुर्दशीला.

ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये डायनॅमोडीबी नावाचा डेटाबेस आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या विभागात त्याचा एक मुख्य सार्वजनिक एंडपॉइंट, एक नाव, आणि त्यामागे विनंत्या वाटून देणारे असंख्य लोड बॅलन्सर. त्या नावाचे आयपी सतत बदलत असल्यानं ते काम दोन प्रोग्रामांकडे होतं. एक नियोजक, जो नवनवे आराखडे बनवतो. दुसरा अंमलदार, जो आराखडा डीएनएसमध्ये उतरवतो. सुरक्षितता म्हणून अंमलदाराच्या तीन प्रती तीन वेगळ्या जागी स्वतंत्रपणे चालत. त्या दिवशी एक अंमलदार फार मागं पडला. त्यानं कामाच्या सुरुवातीला ‘माझा आराखडा आधीच्यापेक्षा नवा आहे ना’ हे तपासलं होतं, पण प्रत्यक्ष लिहीपर्यंत ती तपासणी शिळी झाली. मधल्या काळात दुसऱ्या अंमलदारानं खूप नवा आराखडा उतरवला आणि जुने आराखडे पुसायची सफाई सुरू केली. तेवढ्यात मागं पडलेल्यानं आपला जुना आराखडा नव्याच्या वर लिहिला. सफाईला तो फार जुना दिसला, तिनं तो पुसला. तो तर चालू आराखडा होता. एंडपॉइंटचे सगळे आयपी एका क्षणात गेले.

नाव होतं, त्यामागे पत्ता उरला नव्हता. हजारो सर्व्हर धडधाकट उभे होते आणि त्यांच्याकडे जायची वाट कुणालाच ठाऊक नव्हती. भारतीय वेळेप्रमाणे दुपारी १२ वाजून १८ मिनिटांनी हे सुरू झालं. ॲमेझॉनच्या स्वतःच्या कितीतरी सेवा त्याच डेटाबेसवर उभ्या असल्यानं पाठोपाठ त्याही कोलमडल्या, आणि जगभर स्नॅपचॅट, सिग्नल यांसारखी ॲप्स अडखळली. नोंद रिकामी राहिल्यामुळे पुढचा कुठलाही आराखडा उतरवणं अंमलदारांना जमेना. शेवटी इंजिनिअरांना हातानं मध्ये पडावं लागलं. दुपारी २ वाजून ५५ मिनिटांनी डीएनएसची माहिती पूर्ववत झाली, आणि पुढच्या पंधरा मिनिटांत, लोकांच्या यंत्रांनी साठवलेलं जुनं रिकामं उत्तर जसजसं मुदत संपून विरलं, तसतशी जोडणी परत आली. नवे सर्व्हर सुरू करण्यातला गोंधळ मात्र आपल्याकडची मध्यरात्र उलटून गेल्यावर निवळला.

त्यानंतर ॲमेझॉननं जगभरातले हे नियोजक आणि अंमलदार बंद ठेवले आणि जाहीर केलं की चुकीचा आराखडा उतरणार नाही अशी जादा सोय केल्यावरच ते पुन्हा चालू होतील. अशी एक सोय लहान प्रोग्राममध्येही करता येते, आणि ती दहा ओळींत मावते. पत्त्यांची नवी यादी आली आणि ती रिकामी असेल, तर ती स्वीकारायची नाही. शेवटची चालू यादी वापरत राहायचं आणि माणसाला कळवायचं. कारण ‘यादी रिकामी आहे’ आणि ‘सर्व्हिस उरली नाही’ ही दोन निराळी विधानं आहेत, आणि त्यातलं दुसरं विधान करायचा अधिकार यादीला द्यायचा की नाही, हे कॉन्फिग लिहिणाऱ्यानं आधी ठरवून ठेवायचं असतं.